ग्रामपंचायतीच्या खात्यात पैसे दिसतात, पण सरपंच म्हणतो पैसे नाहीत. दोघांपैकी खरं कोण?

माळावरचा_पोरगा

नमस्कार मंडळी. प्रश्न जरा लांबलचक आहे, सांभाळून घ्या.

गाव सोलापूर जिल्ह्यातलं, लोकवस्ती अडीच हजारच्या आत. मी पुण्याला असतो पण २ ऑक्टोबरच्या ग्रामसभेला मुद्दाम गेलो होतो कारण शाळेकडं जाणारा जो रस्ता आहे ना, साधारण दीडशे मीटर असेल, तो पावसाळ्यात चालण्यासारखा राहत नाही, पोरं चपला हातात घेऊन जातात. मी उभा राहिलो आणि म्हणलं तेवढं मुरूम टाकून काँक्रीट करा. तर सरपंच म्हणतात पैसे नाहीत. मी आधीच ई-ग्रामस्वराजवर (पंचायतींचा हिशोब दाखवणारी सरकारी वेबसाईट) बघून गेलेलो, चांगले सात-आठ लाख शिल्लक दिसत होते, तसं बोललो तर म्हणाले "अरे ते बंधित आहेत, त्याला हात लावता येत नाही." बंधित म्हणजे? पैसा गावाचा, खातं गावाचं, सही सरपंचाची, मग बांधलंय कुणी?

बरं अबंधितमधून करा म्हणलं तर ते लाईट बिलात गेले म्हणे. आणि स्वनिधी? तर त्यावर सगळी सभा हसली राव. का हसली ते मला अजून कळलेलं नाही.

कुणी नीट समजावून सांगेल का की गावाला पैसा येतो कुठनं आणि त्यातला कुठला गाव आपल्या मनानं खर्च करू शकतं. सरपंच खोटं बोलतोय का एवढं जरी कळलं तरी चालेल.

---

निवृत्त_ग्रामसेवक

सरपंच खोटं बोलत नाहीत. अर्धं बोलतात. एकतीस वर्षं याच दप्तरात गेली म्हणून सांगतो.

तुम्हाला जे सात-आठ लाख दिसले ते केंद्राच्या पंधराव्या वित्त आयोगाचे. हा आयोग २०२१ ते २०२६ साठी. त्यातून जो निधी येतो त्याचे दोन भाग. ६० टक्के बंधित, ४० टक्के अबंधित. बंधितमध्ये परत दोन भाग, निम्मा पिण्याच्या पाण्यासाठी, निम्मा स्वच्छतेसाठी. म्हणजे शंभर रुपये आले की तीस पाण्याला, तीस गटार-शौचालय-घनकचऱ्याला, आणि चाळीस रुपयात गावाला वाटेल ते, त्यातही पगार आणि कार्यालयाचा खर्च चालत नाही. तुमचा रस्ता या चाळीसमध्येच बसतो. गटार म्हणून मागितला असता तर साठमध्ये बसला असता, पुढच्या वेळी "रस्त्याच्या कडेचं सांडपाण्याचं गटार" असं लिहून द्या, हसण्यावारी नेऊ नका, अशीच कामं होतात.

आता महाराष्ट्रात या निधीचे वाटे ८०-१०-१० असे आहेत. ग्रामपंचायतीला ८०, पंचायत समितीला १०, जिल्हा परिषदेला १०. चौदाव्या आयोगात म्हणजे २०१५ ते २०२० मध्ये सगळा पैसा थेट ग्रामपंचायतीला यायचा आणि आजच्यासारखे बंधित-अबंधित कप्पे नव्हते, त्या पाच वर्षांत आम्ही जरा मोकळा श्वास घेतला होता. खर्चाची शिस्त मात्र तेव्हा फार ठिकाणी नव्हती हेही कबूल करतो, बाकडी आणि एलईडी दिव्यांचे खांब किती घेतले गेले त्याला गणती नाही.

लाईट बिलाचं म्हणाल तर तो खरा घाव आहे. पूर्वी गावच्या पथदिव्यांचं बिल शासन जिल्हा परिषदेमार्फत भरायचं. २०२१ ला सांगितलं की पंधराव्या वित्त आयोगातून भरा. राज्यभर सरपंच रस्त्यावर उतरले कारण कितीतरी गावांत थकबाकीसाठी वीज कंपनीनं दिव्यांची लाईन तोडली, गावं अंधारात. मागचं थकलेलं आणि चालू मिळून अबंधित त्यातच जातो. मग शाळेचा रस्ता कशातून करायचा.

सभा का हसली ते दुसऱ्या कुणाला तरी सांगू द्या. माझ्या तोंडून बरं दिसत नाही.

---

वऱ्हाडी_ठेचा

मी सांगतो नं. स्वनिधी म्हणजे घरपट्टी, पाणीपट्टी, बाजार फी, गाळेभाडं, असं गावानं सोता गोळा केलेलं. अन् ते कोणी भरतच नाही म्हणून सभा हसली. हसणाऱ्यातले निम्मे तरी थकबाकीदार असतील पैजेवर सांगतो.

आमच्याइकडं घरपट्टी दोनच वेळी वसूल होते. एक, पोराच्या ॲडमिशनसाठी नाहीतर कर्जासाठी दाखला लागला की, तेव्हा क्लार्क म्हणते आधी मागची भरा मग सही होईल (हे कायद्यात बसते का माहीत नाही मले पण चालते). दुसरं, ग्रामपंचायतची निवडणूक लागली की. कारण थकबाकीदाराला उभं राहता येत नाही, बिल दिल्यावर तीन महिन्यात कर भरला नाही तर अपात्र. मंग पहा कशी रांग लागते फॉर्म भरायच्या आठ दिवस आधी, उमेदवार सोताचीही भरते अन् सूचक-अनुमोदकाचीही भरते. पाच वर्षातून एकदा आमची ग्रामपंचायत श्रीमंत होते बाप्पा.

---

सरपंच_बाई

मी स्वतः थेट निवडून आलेली सरपंच आहे, २०२२ नंतरच्या निवडणुकीतली. नाव-गाव सांगत नाही. हसायला सोपं आहे हो वर.

वसुलीला जायचं म्हणजे काय असतं सांगते. माझ्या गावात साधारण चारशे घरं, त्यातली निम्मी भावकी. क्लार्क आणि शिपाई दोघं दारोदार जातात. लोक विचारतात पाणी चार दिवसाआड येतंय पट्टी कशाची? बरोबरच आहे त्यांचं. पण मोटर दुरुस्तीला पैसे नाहीत म्हणून पाणी चार दिवसाआड येतंय, आणि पट्टी येत नाही म्हणून मोटर दुरुस्तीला पैसे नाहीत. यातून सुरुवात कुणी करायची? मी केली. पहिल्या वर्षी नोटिसा काढल्या. सासूबाईंच्या माहेरकडच्या माणसांनी हळदी-कुंकवाला बोलवायचं बंद केलं. मी सहा महिने रडले, हे इथे लिहितेय, घरी बोलले नाही.

आणि जो येतो तो पैसा तरी किती. २०१५ च्या शेवटी नियम बदलले, आता घरपट्टी भांडवली मूल्यावर असते म्हणजे जागेचा आणि बांधकामाचा भाव धरून. पण दर हजार रुपयांमागे पैशांत आहे, रुपयांत नाही. साध्या घराची पट्टी वर्षाला काही शे रुपये होते, मोबाईलचा रिचार्ज त्याहून जास्त होतो. दर चार वर्षांनी फेरआकारणी करता येते. नवीन स्लॅब टाकलेलं घर अजून नमुना ८ ला, म्हणजे घरपट्टी आकारणीच्या यादीत, पत्र्याचं म्हणून चढवलेलं आहे, ते बदलायला गेलं की परत भावकी.

त्या स्वनिधीतूनही आधीच वाटण्या ठरलेल्या. १५ टक्के मागासवर्गीयांसाठी, १० टक्के महिला-बालकल्याण, ५ टक्के दिव्यांग, ३५ टक्क्यांपर्यंत कर्मचाऱ्यांचे पगार. हे चुकीचं आहे असं मी म्हणत नाही, दिव्यांगांचे पैसे मी वेळेत वाटते. पण "सरपंचाच्या मनानं" म्हणाल तर माझ्या मनानं मी ध्वजवंदनाचा खाऊ ठरवते.

---

माळावरचा_पोरगा

ताई, मनापासून सॉरी. सभेत जरा चढ्या आवाजातच बोललो होतो मी आमच्या सरपंचांशी.

---

आकडे_मोजणारा

वरचं सगळं अनुभवाचं झालं, मी फक्त एक आकडा ठेवतो म्हणजे चित्र कळेल. रिझर्व्ह बँकेने जानेवारी २०२४ ला पंचायतींच्या अर्थव्यवहारावर एक अहवाल काढला होता. त्यात २०२२-२३ ची देशभराची सरासरी अशी की एका पंचायतीला स्वतःच्या करातून मिळाले २१ हजार रुपये. इतर स्वतःचं उत्पन्न ७३ हजार. केंद्राचं अनुदान जवळपास १७ लाख. राज्याचं सव्वातीन लाख. एकूण उत्पन्नात स्वतःच्या कराचा वाटा १ टक्क्याच्या आसपास.

आता यात गंमत बघा, पंचायतींना घटनेत जागा देणारी ७३ वी घटनादुरुस्ती १९९३ ला लागू झाली. अकराव्या अनुसूचीत २९ विषय पंचायतींसाठी दिलेत, शेती, पाणी, शाळा, आरोग्य, रस्ते, काय नाही त्यात. कामाची यादी लांबलचक आणि खिशात २१ हजार. घरातल्या मोठ्या मुलाला सांगायचं की आजपासून घर तू चालव, पण पगार बापाच्याच खात्यात जमा होणार आणि भाजीला किती, दुधाला किती हे पण बापच ठरवणार. मग मुलगा बेजबाबदार निघाला म्हणून बापच गावभर सांगत फिरणार.

घटनेत याच्यावर उपाय आहे, कलम २४३-आय, दर पाच वर्षांनी राज्य वित्त आयोग नेमायचा आणि राज्याच्या करातला किती वाटा खाली द्यायचा ते त्यानं सांगायचं. केंद्राचा वित्त आयोग आला की टीव्हीवर चर्चा होते. राज्याचा आयोग कधी आला कधी गेला कुणाला सांगता येईल का? महाराष्ट्रात पाचवा आयोग २०१८ ला नेमला होता, व्ही. गिरिराज अध्यक्ष होते. इथल्या किती जणांनी ते नाव ऐकलंय? केरळनं १९९६ ला लोकयोजना मोहीम सुरू केली तेव्हा राज्याच्या योजना खर्चातला ३५-४० टक्के वाटा खाली देऊन टाकला होता. आपण १ मे १९६२ ला जिल्हा परिषदा उभ्या केल्या तेव्हा देशात पुढे होतो असं म्हातारी माणसं सांगतात, आता पंचायतराजचं नाव निघालं की लोक केरळचंच उदाहरण देतात.

---

रोखठोक_नाना

सगळं ऐकलं. पण एक कटू सांगू का, खाली पैसा दिला की खाली खातात. आमच्या गावात तीन वर्षांत एकाच गल्लीत दोनदा पेव्हर ब्लॉक बसले. ठेकेदार कोण तर उपसरपंचाचा साडू. म्हणून साहेबलोकांनी बंधित-फिंधित केलंय ते बरंच केलंय. निदान पाण्याच्या टाकीवर तरी खर्च होतो.

---

निवृत्त_ग्रामसेवक

नाना, खातात हे खरं. पण वरून बांधून दिलं की खात नाहीत हे कुणी सांगितलं तुम्हाला? बंधितमधले कचऱ्याचे डबे आणि घंटागाडी बघितलीय का गावोगाव, नवी कोरी गाडी ग्रामपंचायतीच्या आवारात उभी, टायर बसलेले, डिझेलला आणि चालकाला पैसे नाहीत कारण ते आस्थापना खर्चात येतं. खरेदी झाली, कागद पूर्ण, उपयोग शून्य. गावाला विचारलं असतं तर गाडी घेतलीच नसती, स्मशानभूमीला शेड केली असती.

आणि गावातलं खाणं निदान दिसतं. तुम्ही साडूपर्यंत पोचलात ना? वरचं कुणाचं साडू-मेव्हणं तुम्हाला कळतं का?

---

रोखठोक_नाना

साडूचं पटलं. पण दिसून मी काय करू शकलो ते विचारू नका.

---

लेखा_विभाग_नगरपरिषद

गावाचं चाललंय, पण शहराची पण हीच रड आहे म्हणून मधे घुसतो. मी नगरपरिषदेत लेखा विभागात होतो, आता निवृत्त.

तरुण लोकांना जकात नाका माहीत नसेल, जकात म्हणजे शहरात येणाऱ्या मालावरचा कर. शहराच्या वेशीवर ट्रक थांबायचा, पावती फाडायची, रोजचा रोज रोख पैसा तिजोरीत. भ्रष्टाचार होता, ट्रकच्या रांगा होत्या, व्यापारी शिव्या द्यायचे, सगळं मान्य. पण तो पैसा आमचा होता. सोमवारी पाइपलाइन फुटली तर मंगळवारी पाइप आणता यायचा. १९९९ ला राज्यातल्या नगरपालिकांची जकात गेली आणि बदल्यात अनुदान सुरू झालं. त्यानंतर माझं निम्मं आयुष्य अनुदानाची वाट बघण्यात गेलं. महिन्याच्या दहा तारखेनंतर कर्मचारी माझ्या टेबलाशी येऊन नुसते उभे राहायचे, बोलायचे नाहीत.

महापालिकांची जकात नंतर टिकली होती, मग २०१० पासून तिच्या जागी एलबीटी (स्थानिक संस्था कर) आणायला सुरुवात झाली, पुण्या-ठाण्याला २०१३ ला आली, व्यापाऱ्यांनी बंद पुकारले, १ ऑगस्ट २०१५ ला ५० कोटींच्या खाली उलाढाल असणाऱ्यांची तीही माफ. मुंबईची जकात मात्र जीएसटी येईपर्यंत होती, १ जुलै २०१७ ला ती गेली. भरपाईसाठी राज्यानं कायदा केला, २०१६-१७ चं उत्पन्न धरायचं आणि दरवर्षी ८ टक्के वाढ द्यायची, दर महिन्याला. मुंबईचा पहिला चेकच साडेसहाशे कोटींच्या आसपास होता. पैसा येतो, नाही असं नाही. पण जकात होती तेव्हा शहर वाढलं की उत्पन्न वाढायचं. आता शहर दुप्पट होवो की ओसाड पडो, वाढ ८ टक्केच. वाढत्या शहराला ते अंगरखा लहान होण्यासारखं आहे.

उरला तो मालमत्ता कर. त्यातही गंमत अशी की सवलत जाहीर करतं राज्य आणि खिसा रिकामा होतो पालिकेचा. मुंबईत ५०० चौरस फुटापर्यंतच्या घरांना २०२२ ला माफी झाली. पुण्यात स्वतः राहणाऱ्यांना ४० टक्के सवलत १९७० पासून होती, मधे काढली, ओरड झाली, २०२३ ला परत दिली. मी लोकांच्या विरोधात नाही, मलाही घरपट्टी भरावी लागते. पण दुसऱ्याच्या पानातली पुरणपोळी उचलून पाहुण्याला वाढायची आणि दाता म्हणून मिरवायचं हे काय बरोबर वाटत नाही.

---

पुणेकर_बाय_चॉईस

पुण्याचं ४० टक्के बोललात म्हणून, ती सवलत परत मिळाल्यावर आमच्या सोसायटीत पेढे वाटलेत आणि त्याच आठवड्यात सोसायटीच्या ग्रुपवर खड्ड्यांचे फोटो टाकून महापालिकेला शिव्या पण घातल्यात. त्यात मी पण होते. एवढंच.

---

वऱ्हाडी_ठेचा

मूळ मुद्द्यावर या ना भाऊ. पोराले रस्ता पाहिजे शाळेचा. कसा होईल ते सांगा कोणी.

---

सरपंच_बाई

सांगते. जमेल तसं बघा.

एक तर पुढच्या वर्षीच्या आराखड्यात, आम्ही "आमचं गाव आमचा विकास" म्हणतो, त्यात ते काम चढलंच पाहिजे. आराखड्यात नाही तर पैसा असूनही खर्च करता येत नाही कारण पेमेंट चेकनं होत नाही, ऑनलाईन होतं, सरपंचाची आणि ग्रामपंचायत अधिकाऱ्याची (पूर्वीचे ग्रामसेवक) डिजिटल सही लागते आणि काम आराखड्यातलं नसेल तर सिस्टीम पुढे जाऊ देत नाही. आराखड्याच्या ग्रामसभेला वीस-पंचवीस माणसं असतात, त्यातली दहा चहासाठी. तेव्हा या. २ ऑक्टोबरला बोलून उपयोग नसतो असं नाही पण ठराव लिहून घेतलाय का ते बघा, इतिवृत्तात नसेल तर तुम्ही बोललाच नाहीत असं समजायचं.

दुसरं, अबंधित लाईट बिलात चाललाय म्हणता तर पाणीपुरवठ्याच्या मोटरीचं बिल कुठून भरतात ते विचारा. ते बंधितच्या पाण्याच्या भागातून भरता येतं. बऱ्याच ठिकाणी दोन्ही बिलं अबंधितमधून जातात, कुणी बघतच नाही. आमच्याकडे एवढं वेगळं केल्यावर एका वर्षात एक गल्ली काँक्रीट झाली.

तिसरं, गावात जमिनीचे व्यवहार होत असतील, प्लॉटिंग वगैरे, तर मुद्रांक शुल्कावर १ टक्का अधिभार असतो त्यात ग्रामपंचायतीचा वाटा असतो. उशिरा येतो, पण येतो. तो आला का विचारा.

---

संभाजीनगरचा

स्वनिधीवरून आठवलं, आमच्या जवळचं पाटोदा गाव सगळ्यांना माहीतच असेल, माजी सरपंच भास्करराव पेरे पाटलांचं. तिथं जो सगळा कर भरेल त्याला दळण फुकट, असं सुरू केलं. शंभर टक्के वसुली. नोटिसा नाहीत काही नाही. बाई घरातूनच म्हणते अहो पट्टी भरून या, दळणाला पैसे पडायलेत.

---

निवृत्त_ग्रामसेवक

खरंय, दळणाची कल्पना नोटिशीपेक्षा भारी. पण त्याच पाटोद्यात २०२१ च्या निवडणुकीत पेरे पाटलांची मुलगी उभी होती ती पडली, हेही सांगून ठेवतो. वरच्या सरपंच ताईंनी ते वाचून घाबरू नये.

---

सरपंच_बाई

घाबरत नाही. गिरणीची चौकशी करते उद्या.

---

माळावरचा_पोरगा

दिवाळीला गावी आलोय, म्हणून अपडेट. ग्रामपंचायतीत जाऊन बसलो दोन तास. क्लार्क चांगला माणूस निघाला, चहा पाजला. मोटरीचं आणि दिव्यांचं, दोन्ही बिलं अबंधितमधनंच जातायत, ताई तुमचा अंदाज तंतोतंत. सरपंचांना सांगितलं तर ते म्हणले आम्हाला कुणी सांगितलंच नाही कधी. ठराव इतिवृत्तात नव्हता, तो आता येत्या मासिक सभेत घेणारेत, बघू.

मग म्हणलं नमुना ९ दाखवा, कुणाकुणाची किती थकलीये. दाखवला. आमच्याच घरची तीन वर्षांची थकलीये. घरी येऊन आबांना विचारलं तर म्हणले सगळे भरतील तेव्हा भरू, आपण काय एकटेच शहाणे का. वाद झाला, आई मधे पडली. आत्ता जाऊन भरतो म्हणलं तर क्लार्क सुट्टीवर.

एक विचारायचं होतं, चालू वर्षाला ती ५ टक्के सूट असते ती मिळेल का आता?

---

निवृत्त_ग्रामसेवक

नाही. सूट ३० सप्टेंबरपर्यंतच. आणि मागच्या तीन वर्षांवर दंड लागेल. पावती नमुना १० ची घ्या, साध्या कागदावर घेऊ नका.